मॅकरॉनची चव बघताना साखरेला उत्तर काय दिलंय ते शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे: जूनमध्ये पॅरिसला जायचंय, दोन-तीन नावाजलेल्या दुकानांतून मॅकरॉन घ्यायचं ठरलंय. पण मुंबई-पुण्यात खाल्ले तेव्हा रंग सहा आणि चव एकच कळली, गोड. मग वेगवेगळ्या चवींची तुलना करायची कशी, डब्यात काय काय घ्यायचं, आणि अंडं न खाणाऱ्या नणंदेला त्यातलं काही चालेल का?

मी पॅरिसमध्ये एका पॅतिस्रीच्या, म्हणजे केक-पेस्ट्रीच्या दुकानाच्या, मागच्या खोलीत बरीच वर्षं मॅकरॉन भरले आणि आता पुण्यात बेकिंग शिकवते. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

सगळे सारखेच गोड लागतात, यात तुमच्या जिभेचा काही दोष नाही. मॅकरॉन म्हणजे दोन गोल चकत्या आणि मधे फिलिंग. या चकत्यांना शेल म्हणतात. शेल कशाचं असतं बघा: बदामाची बारीक पूड, तेवढ्याच वजनाची पिठीसाखर, अंड्याचा पांढरा भाग आणि तो फेटताना घातलेली आणखी साखर. इटालियन पद्धतीत तर 118 अंशांपर्यंत उकळलेला पाकच त्या फेसात ओततात. भाजून झाल्यावर शेलच्या वजनात निम्म्याहून जास्त साखरच असते. आणि रंग? बहुतेक शेलांत तो नुसता रंगच असतो. कोकोचं आणि कधीकधी कॉफीचं शेल सोडलं तर गुलाबी, पिवळं, हिरवं, जांभळं ही सगळी शेलं एकाच मिश्रणाची. फिलिंग खरवडून डोळे मिटून खाल्लीत तर लिंबाचं कुठलं आणि रासबेरीचं कुठलं हे मलाही सांगता येणार नाही. म्हणजे चव असते ती मधल्या थरात.

आणि त्या थराला एकच मोठं काम असतं: दोन्ही बाजूंच्या साखरेला उत्तर द्यायचं. मी मॅकरॉन चाखते तेव्हा एवढंच बघते. लिंबू, पॅशनफ्रूट, रासबेरी आंबटपणाने उत्तर देतात. चॉकलेट आणि कॉफी कडवटपणाने. कॅरॅमल मिठाने. पिस्ता, हेझलनट भाजलेल्या सुक्या मेव्याच्या तेलकट, खमंग चवीने. आणि काही चवींकडे यातलं काहीच नसतं, फक्त सुगंध असतो. व्हॅनिला, गुलाब, संत्र्याची फुलं, व्हायोलेट या त्या. कारागिराची परीक्षा घ्यायची असेल तर ती यांच्यावर. नवशिक्या माणसाने मात्र सुरुवात आंबटापासून करावी, कारण तिथे फरक जिभेवर सरळ आदळतो.

लिंबाच्या मॅकरॉनमध्ये दोन गोष्टी वेगवेगळ्या बघायच्या. आंबटपणा रसातून येतो आणि वास सालीच्या किसातून. नुसता रस घातलेलं फिलिंग आंबट लागतं पण लिंबाचं लागत नाही. थोड्या वेळाने नुसती आंबटगोड साखर उरते. साल नीट वापरलेली असली की घास गिळल्यावर नाकात मागून एक ताजा, किंचित कडसर वास येतो आणि तो टिकतो. युरोपातलं लिंबू आपल्या कागदी लिंबापेक्षा मोठं, जाड सालीचं आणि कमी तिखट आंबट असतं, त्यामुळे "हे लिंबू जरा मवाळच आहे" असं वाटलं तर ते खरंच आहे. रासबेरीत बघायचं ते फिलिंग कशाचं आहे. जॅम असेल तर चव थेट फळाची, कधी दाताखाली बिया येतात. बटरक्रीममध्ये फळाचा गर मिसळला असेल तर चव गुळगुळीत पण बोथट. मला जॅम आवडतो. त्याची किंमत एवढीच की जॅममधलं पाणी शेलमध्ये लवकर शिरतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शेल मऊ पडतं. म्हणून फळांचे मॅकरॉन डब्यात ठेवून देऊ नका, आधी तेच संपवा.

चॉकलेटबद्दल फार सांगण्यासारखं नाही. गडद चॉकलेटचं गनाश, म्हणजे चॉकलेट आणि क्रीमचं मऊ मिश्रण, चांगलं असेल तर मॅकरॉन चांगला, नसेल तर नाही. कॉफीचंही तसंच. दुधाच्या चॉकलेटकडे कडवटपणा कमी, म्हणून ते एकटं साखरेपुढे टिकत नाही. त्यात आंबट काहीतरी घातलं की चित्र बदलतं. पॅरिसचे नावाजलेले पेस्ट्री-कारागीर पिएर एर्मे यांचा 'मोगादोर' हा मॅकरॉन म्हणजे दुधाचं चॉकलेट आणि पॅशनफ्रूट. तो खाताना लक्ष द्या: आधी पॅशनफ्रूटचा आंबट झटका येतो, तोंडाला पाणी सुटतं, त्या पाण्याने साखर धुऊन निघते आणि मग चॉकलेट सावकाश वर येतं.

खारं कॅरॅमल मला स्वतःला सगळ्यांत जास्त आवडतं, तेव्हा इथे जरा थांबते. फ्रान्समध्ये लोणी साधारणपणे बिनमिठाचं वापरतात, पण वायव्येकडचा ब्रिटनी प्रांत खाऱ्या लोण्याचा. राजेशाहीच्या काळात मिठावर 'गाबेल' नावाचा जबर कर होता आणि ब्रिटनीला त्यातून सूट होती, त्यामुळे तिथे लोण्यात मीठ घालणं परवडायचं आणि सवय पुढे टिकली. त्याच ब्रिटनीतल्या किबेरॉं गावी आंरी ल रू यांनी 1977 मध्ये खाऱ्या लोण्याचं कॅरॅमल केलं आणि पुढे ती चव आइस्क्रीमपासून मॅकरॉनपर्यंत सगळीकडे गेली. मॅकरॉनमध्ये तिची परीक्षा अशी: साखर किती दूरवर जाळली आहे? हलक्या सोनेरी रंगावर थांबवलेलं कॅरॅमल दुधाच्या टॉफीसारखं लागतं, आणि वर मीठ घातलं तरी गोडच राहतं. लालसर तपकिरी होईपर्यंत, म्हणजे 180 अंशांच्या आसपास नेलं की त्यात कडवट धार येते. तेव्हा कडू, खारट, गोड आणि लोण्याचा स्निग्धपणा असे चारही एकत्र येतात. गेरांदच्या मिठागरातलं पापडीसारखं मीठ वापरलं असेल तर मधेच एखादा कण दाताखाली येतो. तो मुद्दाम ठेवलेला असतो. डब्यात एकच घ्यायची मुभा असेल तर हा घ्या.

पिस्त्यावर मात्र डोळे उघडे ठेवा. खूप हिरवागार मॅकरॉन दिसला की मला शंका येते. पिस्ता भाजून वाटला की त्याची पेस्ट ऑलिव्हसारखी मळकट हिरवी, जराशी तपकिरीकडे झुकणारी होते. झगझगीत हिरवं शेल म्हणजे रंग, त्याने काही बिघडत नाही; पण आतलं फिलिंगही तेवढंच हिरवं असेल तर वास घ्या. स्वस्त 'पिस्ता' फ्लेवरचा मुख्य वास बहुतेक वेळा बेन्झाल्डिहाइडचा असतो. आपल्याकडच्या बदाम इसेन्सच्या बाटलीत तोच असतो, कडू बदामाचा वास. खऱ्या पिस्त्याला तसा वास नसतो; तो भाजलेला, किंचित मातकट, लोण्यासारखा लागतो. आपल्या जिभेची आणखी एक अडचण आहे. आपण पिस्ता खातो तो कुल्फीत किंवा श्रीखंडावर, आणि सोबत बहुतेक वेळा वेलदोडा किंवा केशर असतंच. पॅरिसच्या पिस्ता मॅकरॉनमध्ये वेलदोडा नसतो, म्हणून पहिल्यांदा तो आपल्याला अपुरा वाटतो. दुसऱ्या घासाला पिस्ता एकटा कळू लागतो.

आता ज्यांच्याकडे नुसता सुगंध आहे त्या चवी. व्हॅनिला म्हणजे काही विशेष नाही असं समजून लोक ती सोडून देतात. मी नव्या दुकानात गेले की आधी तीच घेते. मादागास्करची व्हॅनिला भरदार आणि दुधाळ, ताहितीची फुलांसारखी आणि जराशी बडीशेपेकडे जाणारी, मेक्सिकोची मसालेदार. एर्मे आपल्या व्हॅनिला मॅकरॉनमध्ये या तिन्ही एकत्र करतात. काळे ठिपके दिसले म्हणजे खरी शेंग वापरली असं मात्र धरू नका. अर्क काढून घेतलेल्या शेंगांच्या बियांची पूडही बाजारात मिळते, तिला दिसणं असतं, वास नसतो. खात्री नाकानेच करायची. नकली व्हॅनिलाचा वास एकाच सुरात येतो आणि लगेच संपतो, शेंगेचा वास खाताना बदलत जातो. आणि व्हॅनिला मॅकरॉन पांढराशुभ्र नसून पिवळट दिसला तर जुना समजू नका. पूर्वी पांढरेपणासाठी टायटॅनियम डायऑक्साइड घालत. फ्रान्सने 2020 पासून खाद्यपदार्थांत त्याच्यावर बंदी घातली आणि 2022 मध्ये संपूर्ण युरोपीय संघाने.

गुलाबाचं आपल्याला वेगळंच होतं. ज्या माणसाने लहानपणापासून गुलकंद आणि गुलाबाचं सरबत घेतलंय त्याला हा वास ओळखीचा असतो, आणि म्हणूनच तो कडक परीक्षक होतो. बऱ्याच युरोपीय लोकांना गुलाब खाण्यात आला की साबण आठवतो. प्रमाण जरा जास्त झालं तर तो साबणासारखा लागतो हेही खरं. नुसत्या गुलाबाच्या मॅकरॉनमध्ये साखरेला उत्तर द्यायला काही नसल्यामुळे तो शेवटच्या घासापर्यंत जड होत जातो. यावर एर्मे यांनी काढलेला तोडगा म्हणजे 'इस्पाहान': गुलाब, लिची आणि रासबेरी. हे नुसतं सुचलं म्हणून जमलं असं नाही. लिचीमध्ये 'रोझ ऑक्साइड' नावाचं संयुग असतं, जे गुलाबातही आहे आणि फ्रान्सच्या पूर्वेकडच्या अल्सास प्रांतातल्या गेव्हुर्त्सत्रामिनेर वाइनमध्येही आहे. एर्मे स्वतः अल्सासचे, कोलमारचे. म्हणजे लिची गुलाबाला लांबवते, आणि रासबेरी आंबटपणा आणून साखरेचा हिशेब चुकता करते. रासबेरीही गुलाबाच्याच कुळातली. इस्पाहान खाताना तीन चवी वेगळ्या काढायचा प्रयत्न करा. गुलाब आणि लिची यांच्यामध्ये रेघ ओढता येत नाही, आणि तिथेच त्याची मजा आहे.

रंग किती फसवतो यावर एक उदाहरण देते. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोर्दोच्या एका प्रयोगात वाइनचं शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाइनमध्ये वास नसलेला लाल रंग मिसळून दिला, आणि त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. शिकलेल्या लोकांची ही गत. म्हणून निदान एक फेरी तरी डोळे मिटून करा. सोबतच्या माणसाने तुकडा हातात द्यायचा, तुम्ही चव सांगायची. हॉटेलच्या खोलीत रात्री हा खेळ फार छान होतो, आणि कोण किती फुशारक्या मारतं तेही कळतं.

तुलनेची तयारी सोपी आहे. एका बैठकीला पाच-सहा चवी पुरे, आणि त्याही अर्ध्या-अर्ध्या. बारीक धारेच्या सुरीने कापले तर तुटत नाहीत. फ्रिजमधून काढून वीस-तीस मिनिटं बाहेर ठेवा, उन्हाळ्यात त्याहून कमी. थंड असताना लोणी आणि कोको बटर घट्ट असतं, तोंडात मेणासारखं लागतं आणि वास कोंडलेला राहतो. क्रम मंदाकडून उग्राकडे: व्हॅनिला किंवा गुलाब, मग पिस्ता, मग आंबट फळं, मग कॅरॅमल, कॉफी, गडद चॉकलेट. ज्येष्ठमध किंवा पुदिना घेतला असेल तर अगदी शेवटी, त्यानंतर काही कळत नाही. मधे साधं कोमट पाणी आणि पावाचा तुकडा. दुधाचा चहा नको. कोरा, बिनसाखरेचा चालेल.

आणि नाक दाबा. खरंच. दोन बोटांनी नाक दाबून तुकडा तोंडात टाका, चावा, मग नाक सोडा. दाबलेलं असताना जिभेला फक्त गोड, आंबट, खारट, कडू कळतं, म्हणजे साखरेला उत्तर आहे की नाही ते उघडं पडतं. सोडल्याक्षणी सुगंध येतो. व्हॅनिला आणि गुलाब नाक दाबून खाल्ले तर जवळजवळ एकसारखे लागतात. लिंबू आणि कॅरॅमल तेव्हाही वेगळे कळतात. माझ्या वर्गात मी पहिला धडा हाच देते. लिहून ठेवायचं असेल तर "छान", "मस्त" लिहू नका. दाताखाली आधी काय आलं, मधे काय आलं आणि गिळल्यावर थोड्या वेळाने काय उरलं, एवढं लिहा. शेवटी नुसती साखर उरली असेल तर तो मॅकरॉन नापास.

शेलकडेही बघायचं, पण ते पटकन होतं. वरचा पापुद्रा अंड्याच्या टरफलासारखा पातळ, दात लावला की न आवाज करता तुटणारा. खाली ओलसर आणि किंचित चिवट. आत पोकळी नको. कडेची झालर, जिला कारागीर 'पाय' म्हणतात, ती सरळ वर गेलेली असावी. बाकी अनेकांना वाटतं की मॅकरॉन त्याच दिवशी केलेला असावा. उलट आहे. भरल्यावर निदान एक दिवस तो थंडीत मुरावा लागतो. फिलिंगमधला ओलावा शेलमध्ये गेला की शेल आतून मऊ होतं आणि दोन्ही एकजीव होतात. ताजा भरलेला मॅकरॉन कोरडा आणि जास्त गोड लागतो. तो गोठवूनही चांगला राहतो. फ्रान्समध्ये पिकार या गोठवलेल्या पदार्थांच्या दुकानांत मॅकरॉन मिळतात, तेव्हा "गोठवलेला" हा शब्द ऐकून नाक मुरडू नका. एक काळजी मात्र घ्या: सगळ्या चवी एकाच डब्यात रात्रभर राहिल्या तर कॉफी आणि पुदिना शेजाऱ्यांना लागतात. व्हॅनिलाला कॉफीचा वास आला तर तो दुकानाचा दोष नसतो. उग्र चवी वेगळ्या पाकिटात मागून घ्या, दुकानात देतात.

दुकानांबद्दल. लाद्युरे 1862 मध्ये पॅरिसच्या रू रॉयाल या रस्त्यावर सुरू झालं, आणि दोन शेलांच्या मधे गनाश भरण्याची कल्पना विसाव्या शतकात त्याच घराण्यातल्या पिएर देफोंतेन यांची मानली जाते. एर्मे यांनी फोशों (पॅरिसचं आणखी एक जुनं खाद्यपदार्थांचं दुकान) आणि लाद्युरे इथे काम करून स्वतःचं पहिलं दुकान 1998 मध्ये टोकियोत काढलं आणि पॅरिसमधलं 2001 मध्ये रू बोनापार्तवर. माझ्या जिभेला लाद्युरेच्या चवी एकेकट्या आणि सरळ लागतात: गुलाब म्हणजे गुलाब, संत्र्याची फुलं म्हणजे तीच. एर्मे चवींची जोडणी करतात आणि फिलिंग सढळ हाताने घालतात. कुठलं दुकान श्रेष्ठ या वादात मी पडत नाही, पण तुम्ही तुलना करणारच असाल तर दोन्हीकडून एकच चव घ्या, त्याच दिवशी. एका ठिकाणचं लिंबू आणि दुसऱ्या ठिकाणचं चॉकलेट समोर ठेवून काहीच कळणार नाही. त्यासाठी खारं कॅरॅमल आणि पिस्ता या दोन चवी पुरेशा आहेत. नाताळात गेला असतात तर एर्मे यांचा फ्वा ग्रा, म्हणजे बदकाचं किंवा हंसाचं यकृत, घातलेला मॅकरॉनही दिसला असता. जूनमध्ये तो प्रश्नच येत नाही, आणि तुमच्या घरी तो चालणारही नाही.

वेळ असेल तर न भरलेला, जुन्या पद्धतीचा मॅकरॉनही एकदा खा. नान्सी शहरात मिळतो तो चपटा, वरून तडकलेला, नुसत्या बदामाचा. फ्रेंच राज्यक्रांतीत मठ बंद पडल्यावर दोन नन्सनी तो विकायला सुरुवात केली असं तिथे सांगतात. आमिएंचा जाडजूड, मध घातलेला आणि चिवट असतो. बास्क किनाऱ्यावरच्या सें-जां-द-ल्यूझचाही आपला वेगळा आहे. हे खाल्ले की बदामाची मूळ चव जिभेवर बसते, आणि मग भरलेल्या मॅकरॉनमध्ये शेलचा वाटा किती हे वजा करता येतं.

नणंदेबद्दल स्पष्ट सांगते: पॅरिसच्या नेहमीच्या मॅकरॉनमध्ये अंड्याचा पांढरा भाग असतोच, काढून टाकता येत नाही. त्याशिवाय काही फळांच्या फिलिंगमध्ये जिलेटिन असतं आणि काहींत थोडी दारू, म्हणून जे अंडं खातात पण बाकी शाकाहारी आहेत त्यांनी काउंटरवर विचारावं; घटकांची यादी दाखवतात. कुणाला बदामाची अॅलर्जी असेल तर एकही चव नको. अंड्याऐवजी काबुली चणे शिजवलेलं पाणी फेटूनही शेल करतात. पाणी आटवून दाट केलं तर फेस चांगला टिकतो आणि पायही येतो, पण पापुद्रा जरा ठिसूळ आणि आतला भाग कोरडा राहतो. खायला चांगले असतात, फक्त त्यांची तुलना आपापसात करा. पुण्यात येऊन वर्गात करायचे असतील तर पावसाळा सोडून या. जुलैच्या दमट हवेत शेलवर पापुद्रा धरायला तासन्‌तास लागतात आणि माझीही चिडचिड होते.

घरी आणायचे असतील तर शेवटच्या दिवशी विमानतळावर जायच्या आधी घ्या, हातातल्या सामानात ठेवा, आणि गनाशचे किंवा कॅरॅमलचेच घ्या. जॅमचे मुंबईत उतरेपर्यंत ओले होतात. घरी आल्यावर फ्रिजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवा.